हेमार्केट खटल्याचे दप्तर

शिकागो शहरात १८८६ च्या उन्हाळ्यात आठ अराजकवाद्यांवर जो खटला चालला, त्यातील साक्षीपुराव्याची लघुलेखकांनी टिपलेली नोंद तीन हजारांहून अधिक पानांची आहे. मात्र विसाव्या शतकात या खटल्याविषयी जे लिहिले गेले त्यातील बरेचसे या पानांवर नव्हे, तर अपिलासाठी तयार झालेल्या त्यांच्या संक्षेपावर आधारलेले होते. १ मे हा दिवस महाराष्ट्रात राज्याचा वर्धापनदिन आणि कामगार दिन म्हणून दुहेरी पाळला जातो आणि त्यातील कामगार दिनाचे मूळ शिकागोच्या याच घटनांमध्ये असल्याचे दरवर्षी सांगितले जाते. निरपराध पुढाऱ्यांना भांडवलदारांच्या न्यायालयाने फासावर चढवले, हे त्या कथेचे सूत्र. ते सर्वस्वी खोटे नाही. पण ज्या कागदांवरून ते सिद्ध झाले असे मानले जाते, ते कागद कोणी आणि कशासाठी तयार केले, याची चौकशी फार उशिरा झाली.

अराजकवादी म्हणजे गोंधळ माजवू पाहणारा, असा अर्थ वृत्तपत्री भाषेत रुळलेला असला, तरी ज्यांच्यावर हा खटला झाला त्यांच्या दृष्टीने अराजकवाद ही एक राजकीय विचारसरणी होती. राज्यसंस्था, तिचे कायदे आणि खासगी मालकी ही बळाच्या जोरावर टिकलेली बंधने असून ती नष्ट झाल्यास श्रमिकांचे स्वेच्छासंघ समाजाचा गाडा चालवू शकतील, असे ही विचारसरणी मानते. शिकागोतील तिचे अनुयायी बहुतांश जर्मन स्थलांतरित होते. ‘आर्बायटर-त्साइटुंग’ हे त्यांचे जर्मन दैनिक ऑगस्ट स्पाइस संपादित करीत, तर ‘अलार्म’ हे इंग्रजी पत्र अल्बर्ट पार्सन्स चालवीत. या दोन्ही पत्रांतून डायनामाइटची स्तुती उघडपणे छापली जात असे, ही गोष्ट त्यांच्या कैवाऱ्यांनी पुढे फारशी बोलून दाखवली नसली, तरी खटल्याच्या दप्तरात ती पानोपानी आहे.

आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी १ मे १८८६ रोजी अमेरिकाभर संप सुरू झाला. ३ मे रोजी मॅकॉर्मिक यंत्र कारखान्याबाहेर पोलिसांनी कामगारांवर गोळीबार केला, त्याच संध्याकाळी स्पाइस यांनी सूडाची भाषा करणारे पत्रक छापले, आणि दुसऱ्या दिवशी रात्री हेमार्केट चौकाजवळ निषेधसभा भरली. शहराचे महापौर कार्टर हॅरिसन सभेला स्वतः हजर राहिले आणि सभा शांततेत चालली असल्याचे पोलीस निरीक्षक जॉन बॉनफील्ड यांना सांगून घरी गेले. त्यानंतर सॅम्युएल फील्डन यांचे भाषण संपत आलेले असताना सुमारे पावणेदोनशे पोलिसांची तुकडी सभेवर चालून आली आणि कोणीतरी तिच्यावर बॉम्ब फेकला. या प्रकारात सात पोलीस दगावले, आणि पोलिसांच्या गोळीबारात नागरिकही मेले. हा ‘कोणीतरी’ कोण, ते आजतागायत निश्चित झालेले नाही.

आठ आरोपींवर ठेवलेला आरोप मथायस डेगन या पोलिसाच्या खुनाचा होता. स्फोट झाला तेव्हा त्यांच्यापैकी फक्त स्पाइस आणि फील्डन सभास्थानी होते. पार्सन्स आणि अडॉल्फ फिशर जवळच्या एका दारूगुत्त्यात बसले होते, मायकेल श्वाब दुसऱ्या सभेत बोलत होते, जॉर्ज एंगेल घरी पत्ते खेळत होते, लुई लिंग तिथे नव्हते, आणि ऑस्कर नीबे यांना तर या सभेची माहिती असल्याचेही सिद्ध झाले नाही. नीबे यांच्याविरुद्ध जो पुरावा नोंदला गेला, त्यात दैनिकातील त्यांचा दोन डॉलरचा भाग ही एक बाब होती. बॉम्ब फेकणारा सापडलेला नसताना इतरांना खुनी कसे ठरवायचे, या प्रश्नाचे उत्तर सरकारी वकील जुलियस ग्रिनेल यांनी इलिनॉय राज्याच्या कायद्यात शोधले. गुन्ह्यास आधी चिथावणी किंवा साहाय्य देणारा हा त्या कायद्यानुसार मुख्य गुन्हेगाराइतकाच दोषी असे. न्यायाधीश जोसेफ गॅरी यांनी ज्यूरीला दिलेल्या निर्देशांत हे सूत्र आणखी ताणले गेले: आरोपींनी भाषणांतून वा लेखांतून खुनाची शिकवण दिली असेल आणि तिच्या प्रभावाखाली एखाद्याने बॉम्ब फेकला असेल, तर त्या माणसाची ओळख पटली नाही तरी आरोपी दोषी ठरू शकतात. असा खटला पूर्वी झालेला नाही, हे गॅरी यांनी स्वतःच मान्य केले होते.

त्यामुळे हा खटला मोठ्या अंशी छापील शब्दांचा झाला, आणि म्हणूनच त्याचे दप्तर एखाद्या छापखान्याच्या कोठारासारखे दिसते. त्यातील एक वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. ४ मे च्या सभेचे जर्मन आणि इंग्रजीत छापलेले हँडबिल दोन रूपांत उपलब्ध आहे. एका रूपात शेवटी कामगारांनी शस्त्र घेऊन मोठ्या संख्येने यावे, अशा आशयाची ओळ आहे, दुसऱ्यात ती नाही. ही ओळ फिशर यांनी घातली होती. स्पाइस यांनी ती पाहताच, ती राहणार असेल तर आपण सभेत बोलणार नाही असे बजावले, आणि छपाई थांबवून ती काढली गेली, परंतु तोवर काही प्रती बाहेर पडल्या होत्या. सरकार पक्षाने पहिली प्रत पुरावा म्हणून दाखवली आणि बचाव पक्षाने दुसरी, आणि दोन्ही खऱ्या होत्या. दुसरी वस्तू म्हणजे दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात ४ मे रोजी छापलेला ‘रूहे’ हा एकच शब्द. शांतता असा त्याचा अर्थ असला, तरी सशस्त्र गटांनी सज्ज व्हावे यासाठीचा तो ठरलेला इशारा होता, असे गॉटफ्रीड वॉलर या माफीच्या साक्षीदाराने सांगितले. हा शब्द आपण कोणाच्या तरी विनंतीवरून अर्थ न कळता छापायला दिला आणि अर्थ कळल्यावर ती चूक असल्याचे संबंधितांना कळवण्याची व्यवस्था केली, असा जबाब स्पाइस यांनी दिला. परंतु त्यांच्या हस्ताक्षरातील तो कागद ज्यूरीने आधीच पाहिला होता. यांखेरीज योहान मोस्ट या अराजकवाद्याच्या स्फोटकांवरील जर्मन पुस्तकातले उतारे अनुवादून वाचले गेले आणि मृत व जखमी पोलिसांचे रक्ताने माखलेले कपडे न्यायालयात मांडले गेले. कपड्यांचा आरोपींच्या अपराधाशी संबंध काय, हा बचाव पक्षाचा प्रश्न रास्त होता.

लेखांच्या आधारे झालेल्या खटल्यात शब्दांचे वजन कसे मोजले जाते, हे मराठी वाचकाला १९०८ च्या मुंबईतील टिळक खटल्यामुळे अपरिचित नाही. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून तो खटला उभा राहिला, त्यांचे इंग्रजी अनुवाद न्यायालयासमोर ठेवले गेले, टिळकांनी त्या अनुवादांतील शब्दाशब्दावर हरकत घेतली, आणि त्यांच्या घराच्या झडतीत सापडलेले, स्फोटकांविषयीच्या पुस्तकांची नावे लिहिलेले एक पोस्टकार्डही पुराव्यात दाखल झाले. टिळक अराजकवादी नव्हते, त्यांच्यावरील आरोप खुनाचा नव्हता, आणि शिकागोत गोळा झालेला पुरावा कितीतरी अधिक होता, म्हणून ही तुलना फार लांबवता येत नाही. तिचा उपयोग आहे तो एका वेगळ्या मुद्द्यासाठी. टिळक खटल्याचा सविस्तर वृत्तान्त न. चिं. केळकर यांनी त्याच वर्षी छापून काढला, आणि साक्को व व्हान्झेत्ती या दोन इटालियन अराजकवाद्यांना १९२७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये देहदंड झाल्यानंतर त्यांच्या खटल्याची समग्र नोंद लवकरच कित्येक खंडांत प्रसिद्ध झाली. हेमार्केटच्या बाबतीत असे काही घडले नाही.

येथे तीन प्रकारचे कागद वेगळे केले पाहिजेत. पहिला, न्यायालयात प्रश्न आणि उत्तर या रूपात टिपलेली संपूर्ण नोंद. दुसरा, वरिष्ठ न्यायालयापुढे अपील नेताना तयार केलेला, प्रश्न गाळून उत्तरे सलग गद्यात गुंफलेला छापील संक्षेप. हा हाताळायला सोपा असल्याने आणि ग्रंथालयांत मिळत असल्याने अभ्यासकांच्या हाती मुख्यतः हाच राहिला. तिसरा, आरोपींनी ७ ते ९ ऑक्टोबर १८८६ या तीन दिवसांत शिक्षा सुनावण्यापूर्वी केलेली भाषणे. एकटे पार्सन्स दोन दिवसांत मिळून सुमारे आठ तास बोलले. ही भाषणे निकाल लागल्यानंतरची, म्हणजे पुरावा म्हणून शून्य मोलाची होती. परंतु ती लगेच पुस्तकरूपाने निघाली, अल्बर्ट पार्सन्स यांच्या पत्नी लुसी पार्सन्स यांनी पुढे कित्येक वर्षे ती विकली, आणि जगाने हा खटला मुख्यतः त्या भाषणांतून वाचला. वक्तृत्वाने साक्षीला मागे टाकले, असे म्हणायला हरकत नाही.

हेन्री डेव्हिड यांचा १९३६ सालचा प्रमाणभूत मानला गेलेला इतिहासही प्रामुख्याने संक्षेपावर उभा आहे, असा आक्षेप टिमोथी मेसर-क्रूझ या ओहायोतील प्राध्यापकाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घेतला. आरोपींविरुद्ध काहीच पुरावा नव्हता असे पाठ्यपुस्तकात आहे, तर मग न्यायालयात इतके आठवडे लोक बोलत तरी काय होते, असा प्रश्न वर्गातल्या एका विद्यार्थ्याने विचारला आणि त्यातून हे संशोधन सुरू झाले, असे त्यांनी सांगितले आहे. मूळ नोंद वाचल्यावर त्यांना जे आढळले त्यात सर्वांत वजनदार भाग रसायनशास्त्रज्ञांच्या साक्षींचा आहे. स्फोटातील तुकड्यांत आणि लिंग यांच्याकडे सापडलेल्या बॉम्बमध्ये शिशाबरोबर कथिलाचे असे मिश्रण होते की जे बाजारातील साध्या शिशात आढळत नव्हते, असे या साक्षींत आहे. शिवाय जखमीच्या शरीरातून निघालेली लोखंडी चाकीही लिंग यांच्या बॉम्बमधील चाक्यांशी जुळवून दाखवण्यात आली. लिंग बॉम्ब बनवीत होते, हे आता क्वचितच कोणी नाकारते. याच अभ्यासकाने विकिपीडियावरील संबंधित नोंदीत दुरुस्ती करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बहुसंख्य ग्रंथकारांचे मत वेगळे आहे या कारणाने ती काढून टाकण्यात आली. हा प्रकार त्यांनी २०१२ साली लेख लिहून चव्हाट्यावर आणला.

खटला त्या काळच्या मापाने न्याय्य होता, हा मेसर-क्रूझ यांचा पुढचा निष्कर्ष मात्र त्यांच्या पुराव्याच्या मानाने फार लांब उडी घेतो. लिंग यांनी बॉम्ब केला असेल तर त्यावरून लिंग यांच्याविषयी काही सिद्ध होते. नीबे किंवा श्वाब यांच्याविषयी काय सिद्ध होते, हे ती तीन हजार पाने सांगत नाहीत. सरकार पक्षाच्या ज्या हॅरी गिल्मर नावाच्या साक्षीदाराने स्पाइस यांना वात पेटवताना पाहिल्याचे सांगितले, त्याच्या विश्वासार्हतेवर अनेक नागरिकांनी न्यायालयात येऊन शंका घेतली. आणि मूळ नोंद वाचायचीच असेल, तर ती पहिल्या पानापासून वाचली पाहिजे. २१ जूनला खटला उभा राहिल्यावर पहिले तीन आठवडे केवळ ज्यूरीच्या निवडीत गेले. ९८१ माणसांना प्रश्न विचारण्यात आले. कारण न देता एखाद्याला नाकारण्याचा अधिकार प्रत्येक आरोपीला वीस वेळा, म्हणजे आठ जणांना मिळून १६० वेळा होता, आणि बचाव पक्षाचा तो सगळा संपला, कारण आपले मत आधीच आरोपींविरुद्ध झाले आहे असे उघड कबूल करणाऱ्यांनाही, पुराव्यावरून निकाल देऊ एवढे त्यांच्याकडून वदवून घेऊन, न्यायाधीश पात्र ठरवीत होते. शेवटी बसलेल्या बारा जणांत कारखान्यातला एकही कामगार नव्हता. या ज्यूरीने २० ऑगस्टला सात जणांना मृत्यूची आणि नीबे यांना पंधरा वर्षांच्या कैदेची शिक्षा ठरवली.

इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १८८७ मध्ये निकाल कायम केला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये हस्तक्षेप नाकारला. गव्हर्नर ओग्लेस्बी यांनी फील्डन आणि श्वाब यांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, लिंग यांनी कोठडीत स्फोटकाने जीव दिला, आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी स्पाइस, पार्सन्स, फिशर आणि एंगेल यांना फाशी देण्यात आले.

या दप्तराचे पहिले कसून वाचन कोणा इतिहासकाराने नव्हे, तर जॉन पीटर अल्टगेल्ड या राजकारण्याने केले. स्वतः न्यायाधीश राहिलेले अल्टगेल्ड १८९३ साली राज्याचे गव्हर्नर झाले, आणि २६ जूनला उरलेल्या तिघांना माफी देताना त्यांनी कारणांचे जे दीर्घ निवेदन काढले ते एखाद्या अपिलातील निकालपत्रासारखे आहे. दयेचा मुद्दा त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवला. आरोपी दोषी असतील तर ते माफीस पात्र नाहीत, असेच त्यांचे म्हणणे होते. ज्यूरी हेतुपुरस्सर निवडली गेली, बॉम्ब फेकणाऱ्याशी आरोपींचा संबंध दाखवला गेला नाही आणि न्यायाधीशांचे वर्तन पक्षपाती होते, असे मुद्दे त्यांनी पानांचे उतारे देऊन मांडले. ज्यूरीसाठी माणसे बोलावणारा खास बेलिफ या लोकांना फासावर चढवण्याची भाषा करीत होता, असे सांगणारे शपथपत्रही त्यांनी पुढे ठेवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यायाधीश गॅरी यांनी ‘सेंच्युरी’ मासिकात लेख लिहून आपल्या निर्णयाचे समर्थन केले होते आणि त्यांचाही आधार खटल्याची हीच नोंद होता. माफीच्या निर्णयावर वृत्तपत्रांनी प्रचंड गदारोळ केला. अल्टगेल्ड १८९६ ची निवडणूक हरले, आणि गॅरी १९०६ साली मृत्यू येईपर्यंत शिकागोतील न्यायासनावर राहिले.