उंदीर: आधी भोक, मग पिंजरा

घरातला लहान उंदीर जेमतेम पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही आत येतो. त्यामुळे बंदोबस्ताची सुरुवात पिंजऱ्यापासून नव्हे, सिंकखालच्या पाइपभोवतीच्या भोकापासून करावी. नुसता कापूस किंवा थर्माकोल कोंबला तर तो कुरतडून टाकतो. तारेची घासणी ठासून वर सिमेंट लिंपावं. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी लावावी.

मादीची गर्भावस्था साधारण 3 आठवड्यांची आणि एका वेळी पाच-सहा पिल्लं, म्हणून ‘एकच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये. उंदीर भिंतीच्या कडेकडेने पळतो. पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवून काय उपयोग? भिंतीला लागून ठेवावा, आत सुकट, भजं किंवा शेंगदाणे.

विषाबाबत माझं मत कडक आहे: लहान मुलं असलेल्या घरात नकोच. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट पोटात गेली तर यकृत निकामी होऊ शकतं आणि तिच्यावर उतारा नाही. शिवाय विष खाल्लेला उंदीर माळ्यावर मरतो, मग वासाने घर शोधत बसायचं. गोंदाचे फळे तर क्रूरच.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत. ब्लीचचं पाणी शिंपडून, हातमोजे घालून पुसाव्यात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो. पायाला जखम असेल तर तुंबलेल्या पाण्यात उतरणं टाळावं.

आणि चिचुंद्री दिसली तर मारू नका. ती उंदीर नव्हेच, झुरळं खाते.