पडीक जमिनीवरील सौर वीजकेंद्र

मुरमाड, खडकाळ जमीन वीज उपकेंद्राजवळ असेल तर तिच्यावर सौर वीजकेंद्र उभारून वीज विकता येते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेत ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटच्या केंद्रांची तरतूद झाली. तथापि या धंद्यात नफ्याची कड किती बारीक असते, हे कर्ज काढण्यापूर्वीच मांडून पाहणे अगत्याचे आहे.

एक मेगावॅटच्या केंद्रास सुमारे ५ एकर जागा लागते व वर्षाकाठी साधारणपणे १५.५ लाख युनिट वीज मिळते. उदाहरणादाखल, खर्च ३.५ कोटी रुपये, पैकी ७० टक्के कर्ज १० टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी, आणि दर युनिटला ३ रुपये धरावा. उत्पन्न ४६.५ लाख होते. हप्त्यांत सुमारे ३२ लाख जातात; राखण, विमा व दुरुस्तीस ४.५ लाख धरल्यास हाती १० लाख उरतात, आणि तेही स्वतःचे १ कोटी ५ लाख गुंतवून! धुळीमुळे वीज अवघी ५ टक्के घटली तरी २.३ लाख, म्हणजे शिलकेचा जवळजवळ चौथा हिस्सा बुडतो.

म्हणून निगेत हयगय परवडत नाही. फलक सकाळी लवकर धुवावेत. तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकण्याचा संभव असतो. क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग बसतात, तेव्हा पाणी आधी तपासावे. फलक मालिकेत जोडलेले असल्याने एकावर गवताची सावली पडली तरी ओळीतील इतरांची वीजही घटू शकते. वैशाखात ऊन कडक, म्हणून वीजही जास्त, हा समज खरा नव्हे. २५ अंशांपुढे फलक जसजसा तापतो तसतशी दर अंशामागे त्याची शक्ती ०.३ ते ०.४ टक्क्यांनी कमी होते.

याहून मोठी अडचण वाहिनीची. वाहिनी बंद पडताच इन्व्हर्टरही आपोआप थांबतो, कारण तारेवर काम करणाऱ्याच्या जिवाला धोका पोहोचता कामा नये. भर दुपारी तासभर खंड पडला तर तेवढी वीज गेलीच. उपकेंद्रातील खंडांची नोंद जागा ठरविण्यापूर्वीच पाहावी; ग्रामसेवकांनी या कामी शेतकऱ्यास साहाय्य करावे.

ज्यास कर्जाचा भार नको, त्याला जमीन भाडेपट्ट्याने देण्याचा मार्ग आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये २०२३ साली हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे व दरसाल ३ टक्के वाढ ठरविण्यात आली. त्या हिशेबाने ५ एकरांचे पहिल्या वर्षी अडीच लाख होतात, व फलक पुसण्याची चिंता दुसऱ्याची.