बारशासाठी आभाळातली नावं ✨
चेन्नईच्या अण्णा नगरातल्या बागेत "कार्तिक!" अशी हाक मारा, दोन-तीन पोरं तरी वळतील. मुरुगनला, म्हणजे आपल्या कार्तिकेयाला, सहा कृत्तिकांनी वाढवलं, म्हणून हे नाव. (दुर्बिणीतून कृत्तिकांच्या तारापुंजक्यात कितीतरी जास्त तारे दिसतात, ते सोडा!) चेन्नईतल्या मराठी आईबाबांनो, नाव असं निवडा की पुण्याची आजी आणि शेजारची तमिळ पाट्टी, दोघींच्या जिभेवर बसेल. रोहिणी, चित्रा, रेवती दोन्हीकडे चालतात. माझी लाडकी स्वाती: खगोलाच्या उत्तर गोलार्धातला सर्वांत तेजस्वी तारा, सुमारे ३७ प्रकाशवर्षांवर. आज दिसणारा तिचा प्रकाश बाळाच्या आईच्याही जन्माआधी निघालेला असू शकतो! जन्मनावासाठी अवकहडा चक्रात तिची अक्षरं रू, रे, रो, ता. पण अक्षरं कशाला जुळवायची? थेट नक्षत्रच ठेवा की! मुलगा झाला तर ध्रुव आहेच.