मुलगा बोलत नाही, सून काम करत नाही...

तलासरी तालुक्यातल्या धामणगावात 1934 साली एक मुलगा जन्मला. सात वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि त्याने बोलणंच सोडलं. काही सांगायचं झालं की तो जमिनीवरच्या धुळीत चित्र काढून सांगायचा. पाड्यावरच्या लोकांनी त्याचं ते तसंच चालवून घेतलं. उलट या चित्रांमुळे समाजात त्याला वेगळा मान मिळत गेला. अकराव्या वर्षी तो डहाणू तालुक्यात राहायला आला. पुढे त्याने आणखी एक वेगळी गोष्ट केली. लग्नाचा चौक लिहिणं हे वारली समाजात सुवासिनींचं काम. या पुरुषाने ते हाती घेतलं आणि तेही लग्नकार्य नसताना, रोज! तो मुलगा म्हणजे जिव्या सोमा म्हसे. वारली चित्रं जगभर पोचवणारा चित्रकार. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार, 2011 साली पद्मश्री. 2018 च्या मे महिन्यात ते गेले.

आज हाच मुलगा एखाद्या फ्लॅटमध्ये वाढत असता, तर? शाळेतून चिठ्ठी आली असती, डॉक्टर झाले असते, त्याच्या गप्प बसण्याला एक लांबलचक नाव मिळालं असतं, कदाचित गोळीही. आता प्रत्येक गप्प मुलातून जिव्या सोमा निघत नाही, हे मला कळतं. आई गेलेल्या पोराला आधार हवाच. पण धुळीत चित्र काढणं हे आजाराचं लक्षण म्हणायचं की दुःखातून त्याने स्वतःच शोधलेली वाट म्हणायची, हे ठरवणार कोण आणि किती मिनिटांत?

मैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेली गृहिणी. बचत गटांच्या कामानिमित्त गेली काही वर्षं डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आणि इकडच्या गावातल्या घरांमध्येही जाते. बायका मन मोकळं करताना पदराआडून औषधांची चिठ्ठी पुढे करतात. "ताई, हे कशाचं आहे हो, वाचून सांगा ना." त्या चिठ्ठ्या वाचून वाचून हा विषय माझ्या डोक्यात बसला.

एका सुनेचं सांगते. सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. त्यानंतर ती रडायची, चूल पेटवायची नाही, कुणी बोललं तर अंगावर जायची. घरच्यांनी सीमेपलीकडच्या शहरातल्या खासगी दवाखान्यात नेलं. सासू बोलली, नवरा बोलला. हिला विचारलं ते फक्त नाव आणि वय. तीन गोळ्या सुरू झाल्या. मी गेले तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते, ती झोपलेलीच. सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "आता शांत आहे बघा." शांत होती खरी! तिचं मूल कुठे पुरलं, हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं. दुखत होतं तिचं, आणि औषधाचा आराम पडला घराला.

दुःखाला आजार म्हणायची घाई फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आजारांची नावं आणि लक्षणं ज्या ग्रंथात बांधतात, त्याची 1952 सालची पहिली आवृत्ती जेमतेम दीडशे पानांची होती. 1994 सालची चौथी जवळजवळ नऊशे पानांची झाली. त्या चौथ्या आवृत्तीत एक सवलत होती. जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने कुणी उदास असेल, तर सहसा त्याला नैराश्याचा रोगी म्हणायचं नाही. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ती सवलत काढून टाकली. लक्षणं दोन आठवडे टिकली की निदान करता येतं. दोन आठवडे! म्हणजे आपल्याकडे तेरावं होतं न होतं तोच. गंमत अशी, की यावर सर्वांत मोठ्याने ओरडले ते चौथ्या आवृत्तीच्या समितीचे प्रमुख डॉ. अ‍ॅलन फ्रान्सिस. रोजचं जगणं, रडणं, मुलांचा दंगा हे सगळंच आपण आजारांच्या यादीत घालतोय, असं त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं. दुसऱ्या बाजूचे डॉक्टर म्हणतात, शोकाच्या नावाखाली खरं नैराश्य नजरेआड व्हायला नको. त्यातही तथ्य आहे. पण तो फरक ओळखायला रोग्याशी बोलायला वेळ लागतो, आणि नेमका तोच कुणाकडे नसतो.

या यादीत काय शिरतं नि काय निघतं, याचाही इतिहास बघण्यासारखा आहे. समलिंगी असणं हा आजार म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत होता, तो 1973 साली काढला. जागतिक आरोग्य संघटनेने काढला 1990 साली. माणसं तीच होती, बदलला तो कागद. मधल्या काळात ज्यांच्यावर 'उपचार' झाले त्यांचं काय?

आपल्या पुण्यातलाही एक खटला आहे, कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो शिकवतात. 1956 साली लग्न झालेलं, शिकलं-सवरलेलं जोडपं. लग्नाआधी मुलीच्या वडिलांनी सरळपणे कळवलं होतं, की उन्हाचा झटका बसल्यामुळे मध्यंतरी तिच्या मनःस्थितीवर परिणाम झाला होता. पुढे संसारात खटके उडू लागले आणि नवऱ्याने तोच धागा पकडला. बायकोचं डोकं ठिकाणावर नाही, मला फसवलं, असं म्हणत कोर्टात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. 1975 साली न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला. ती फार कडू बोलायची, तिचं काही वागणं छळात मोडतं, हे न्यायालयाने मान्य केलं, पण नवऱ्याने ते माफ करून पुढे संसार केला, म्हणून त्याचं अपील फेटाळलं. वेडाचा आरोप मात्र कुठल्याच कोर्टात टिकला नाही. भांडखोर असणं वेगळं आणि वेडी असणं वेगळं! हे सिद्ध करायला त्या बाईची किती वर्षं गेली असतील.

आमच्या भागात बाईने उलट उत्तर दिलं, की "हिला ठाण्याला पाठवायला पाहिजे" म्हणतात. ठाण्याला म्हणजे कुठे, ते सांगावं लागत नाही. 1901 सालापासूनचं मनोरुग्णालय आहे ते. हसण्यावारी नेलेली ही धमकी पूर्वी खरी करणंही फारसं अवघड नव्हतं. 1987 च्या कायद्यात नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले यांवर माणसाला त्याच्या मनाविरुद्ध नव्वद दिवसांपर्यंत ठेवता येत असे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 च्या मे महिन्यापासून लागू झाला आणि त्यात एक वाक्य आलं, जे मी आमच्या गटात मुद्दाम वाचून दाखवते. समाजाच्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, कामाच्या किंवा धार्मिक चालीरीतींप्रमाणे कुणी वागत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक रोगी ठरवता येणार नाही. हे कलम 3 मध्ये आहे. 'कामाच्या' हा शब्द ऐकून एक बाई पटकन म्हणाली, "म्हणजे भाकऱ्या केल्या नाहीत तरी वेडी नाही?" सगळ्या हसल्या.

पुण्यात बापू ट्रस्ट उभा करणाऱ्या भार्गवी दावर (2024 साली त्या गेल्या) आयुष्यभर हेच मांडत होत्या. बाईच्या मनाच्या दुखण्याची मुळं पुष्कळदा तिच्या घरात, गरिबीत, मारहाणीत असतात; ती सोडून नुसतं डोक्यावर औषध केलं तर कसं चालेल?

मुलांचं दुखणं आणखी निराळं. आश्रमशाळेत पहिलीतलं एक पोर वर्गात तोंडच उघडत नाही, खिडकीबाहेर बघत बसतं, म्हणून "मंद आहे, डॉक्टरला दाखवा" असा शेरा मिळालेला मी पाहिला. त्याच्या घरी वारली बोलतात, गुरुजी पुस्तकातलं मराठी. पोराला कळतच नव्हतं तर बोलणार काय? मधल्या सुट्टीत तेच पोर गड्यांबरोबर तारस्वरात भांडत होतं!

एवढं सगळं वाचून कुणी चालू असलेली औषधं बंद करू नका, हे मात्र कळकळीने सांगते. झोपेच्या, चिंतेच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं. आणि आमच्याकडचा मोठा प्रश्न उलटाच आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की बहुतेक मानसिक आजारांत 70 टक्क्यांहून जास्त रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. कानात आवाज ऐकू येतात म्हणून रात्रभर रानात पळणारा एक तरुण मला माहीत आहे. दोन वर्षं भगताकडे कोंबडे गेले, कर्ज झालं. सरकारी रुग्णालयातून औषध सुरू झालं आणि दोन-तीन महिन्यांत तो चिकूच्या वाडीत कामाला जाऊ लागला. त्याला गोळी हवीच होती आणि ती उशिरा मिळाली. त्या सुनेला मिळाली ती मात्र कुणी दोन शब्द विचारण्याआधीच.

म्हणून मी बायकांना सांगते, चिठ्ठी घेताना विचारा. आजाराचं नाव काय, गोळी किती दिवस, बंद कधी आणि कशी करायची. आपल्या उपचारांचे कागद मागण्याचा हक्क त्याच 2017 च्या कायद्याने दिला आहे. दवाखाना लांब असेल, तर सरकारची 14416 ही टेलि-मानस सेवा आहे, फोनवर मराठीत बोलता येतं. आमच्या गटातल्या दोघी नुकत्याच विचारून आल्या. एकीला डॉक्टरांनी बसवून नीट समजावलं, एक गोळी हळूहळू कमी करायचंही ठरलं. दुसरीला "तुम्ही डॉक्टर आहात का?" एवढंच ऐकावं लागलं. ती पुढच्या तारखेला पुन्हा जाणार आहे, या वेळी नणंदेला बरोबर घेऊन.