सातबाऱ्यावर नाव नसलेला कॅमेरा

सोमवारी सकाळी साडेआठला मावसबहिणीचा फोन आला. ताई एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. "अरे, मायक्रोस्कोपचा कॅमेरा गेला. साडेअकराला टीवायचं प्रॅक्टिकल आहे. नवा घ्यायचा तर तीन कोटेशनं मागवा, मग खरेदी समिती, म्हणजे दिवाळीच उजाडेल."

'गेला' म्हणजे काय झालं, ते खोदून विचारल्यावर निघालं. शुक्रवारी दुपारपर्यंत कॅमेरा ठणठणीत होता. संध्याकाळी कुणीतरी हौसेनं चित्रं टिपायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली. सोमवारी उघडलं तर पडद्यावर एकच ओळ: कॅमेरा सापडला नाही. मी पोचलो तेव्हा प्रयोगशाळेतले मामा कपाळाला हात लावून बसले होते. "सर, केबल बदलली, पोर्ट बदलले, कॅमेरा काढून पुसून परत लावला. आता फक्त नारळ फोडायचा राहिलाय." दुकानदारानं फोनवरूनच 'फॉरमॅट मारा' असा निकाल देऊन टाकला होता. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा मात्र शांतपणे जळत होता.

हा दिवा फसवा असतो. अशा कॅमेऱ्यांत बहुतेकदा तो एवढंच सांगतो की यूएसबीतून वीज येते आहे. कॅमेऱ्याचं संगणकाशी बोलणं सुरू झालं की नाही, हे त्याला ठाऊक नसतं.

ते बोलणं घडवतो तो ड्रायव्हर. आपल्याकडे ड्रायव्हर म्हटलं की एसटीचा आठवतो, म्हणून या शब्दानं अनेकांचा गोंधळ होतो. मला तलाठी कार्यालय जवळचं वाटतं. जमीन जागेवर असते, पीक उभं असतं, पण सातबाऱ्यावर नाव नसेल तर बँक दारातही उभं करत नाही. कॅमेऱ्याचं तसंच आहे. हे यंत्र कोणाचं, त्याला कोणती फाइल चालवणार, त्याच्यावर आणखी कोणाचा हक्क, या नोंदी विंडोज आपल्या दफ्तरात ठेवते. त्या दफ्तराचं नावही रजिस्ट्री आहे, हा योगायोग गमतीचा. नवं सॉफ्टवेअर टाकणं म्हणजे फेरफार, आणि फेरफारात चुका होतात हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पूर्वी प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर त्याची सीडी यायची. २००३ मध्ये यूएसबी व्हिडिओ क्लास, म्हणजे यूव्हीसी, हे सामाईक मानक आलं. ते पाळणाऱ्या वेबकॅमला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, विंडोज आपल्याजवळचाच वापरते. लॅपटॉपवरचे आणि बाजारातले बहुतेक वेबकॅम या जातीचे. मायक्रोस्कोपचे, दुर्बिणीचे, कारखान्यातल्या तपासणीचे कॅमेरे मात्र अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतात. त्यामुळे आधी कॅमेऱ्याची जात ओळखावी. विंडोजच्या साध्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये चित्र दिसलं, तर कॅमेरा, केबल आणि ड्रायव्हर तिन्ही धड आहेत आणि भांडण तुमच्या सॉफ्टवेअरशी आहे. नाही दिसलं तर लगेच घाबरू नये, कॅमेरा दुसऱ्या जातीचा असू शकतो.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडायचा. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक केली की यादीत तो सापडतो. पिवळा त्रिकोण दिसला तर त्यावर दोनदा टिचकी मारावी, खाली एक कोड लिहिलेला असतो. लोक तो वाचतच नाहीत, आणि निम्मं निदान तिथंच पडून राहतं. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हर आहे, पण त्याच्या डिजिटल सहीची खात्री पटत नाही. जुन्या सीडीतून काढलेल्या ड्रायव्हरचं नव्या विंडोजमध्ये असं होतं. ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल बिघडली आहे किंवा गायब आहे. ४३ म्हणजे यंत्रानंच कुरकुर केली. इथं केबल आणि पोर्ट बदलून बघण्याला अर्थ आहे. १० मात्र बेरकी. 'यंत्र सुरू होत नाही' एवढंच सांगून तो मोकळा होतो. कॅमेरा अ‍ॅप स्वतःही लांबलचक क्रमांक दाखवतं. शेवटी ४२४४ असेल तर त्याला कॅमेरा मिळालाच नाही, ४२४३ असेल तर दुसऱ्या कुणीतरी तो धरून ठेवला आहे. या दुसऱ्या प्रकारात मागे उघडी राहिलेली मीटिंग बंद केली की काम होतं, आणि त्यासाठी लोकांनी फॉरमॅट मारल्याचं मी पाहिलं आहे.

सॉफ्टवेअर बदलल्यावर कॅमेरा का रुसतो, याचं मोठं उदाहरण २०१६ सालचं आहे, आणि त्यात वापरणाऱ्याचा काडीचा दोष नव्हता. त्या ऑगस्टमध्ये विंडोज १० ची 'अ‍ॅनिव्हर्सरी अपडेट' आली आणि जगभर वेबकॅम गोठू लागले. स्काइपवर चित्र यायचं आणि थोड्या वेळात त्याचा पुतळा व्हायचा. लोकांनी कॅमेरे बदलले, ड्रायव्हर बदलले, सगळं करून पाहिलं.

कारण समजायला थोडा हिशेब करावा लागतो. १९२० बाय १०८० चं एक चित्र म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. न आवळलेल्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट आणि सेकंदाला ३० चित्रं धरली, तर सेकंदाला जवळपास १०० कोटी बिट होतात. यूएसबी २.० ची कमाल क्षमता ४८ कोटी. म्हणजे पाणी पाइपात मावतच नाही. म्हणून कॅमेरा चित्र आवळून, एमजेपीईजी किंवा एच.२६४ रूपात पाठवतो आणि सॉफ्टवेअर ते उलगडतं. मायक्रोसॉफ्टला एकच कॅमेरा एकाच वेळी अनेक अ‍ॅप्सना वाटून द्यायचा होता, म्हणून त्यांनी मध्ये 'फ्रेम सर्व्हर' नावाचा वाटेकरी बसवला. प्रत्येक अ‍ॅपनं तेच चित्र वेगवेगळं उलगडत बसू नये म्हणून आवळलेलं चित्र थेट द्यायचंच बंद केलं. जी सॉफ्टवेअरं वर्षानुवर्षं नेमकं तेच मागत होती, त्यांच्या हाती काही लागेना. रजिस्ट्रीतली एक नोंद बदलून हा वाटेकरी बाजूला करता येतो, हे बाहेरच्या जाणकारांनी शोधलं; कंपनीची दुरुस्ती नंतर आली. हेतू चांगला होता. मला राग येतो तो पडद्यावरच्या संदेशांचा. वाटणीची पद्धत बदलली, हे सांगायला एक ओळ पुरली असती.

मॅकवाल्यांनीही फार ऐटीत राहू नये. २०२३ च्या सोनोमा आवृत्तीत अ‍ॅपलनं जुन्या धाटणीचे कॅमेरा प्लगिन बंद केले आणि ज्यांनी आपलं सॉफ्टवेअर नव्या पद्धतीनं लिहिलं नव्हतं, त्यांचे आभासी कॅमेरे एका रात्रीत गायब झाले.

आता सातबाऱ्यावरच्या बोज्याकडे येतो. सोसायटीचं कर्ज फिटतं, पण सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा तसाच राहतो आणि पुढच्या व्यवहाराच्या वेळी आडवा येतो. संगणकातही हेच घडतं. काही सॉफ्टवेअरं ड्रायव्हरच्या डोक्यावर किंवा पायाशी आपला छोटा फिल्टर बसवतात आणि तशी नोंद करतात. सॉफ्टवेअर काढलं, फाइल गेली, नोंद राहिली, की विंडोज त्या नावाचा फिल्टर शोधते, तो मिळत नाही, आणि धडधाकट यंत्र बंद पडतं. सीडी रायटरच्या जमान्यात हा रोग घरोघरी होता. सीडी लिहायचं सॉफ्टवेअर काढलं की ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. कॅमेऱ्यातही तो अधूनमधून भेटतो. पण रजिस्ट्रीत हात घालणं हौशी माणसाचं काम नव्हे. आधी सिस्टिम रिस्टोर पॉइंट करावा, आणि शक्यतो बिघाडाच्या आधीचा एखादा पॉइंट असेल तर त्यावरच मागे जावं.

त्याहून सौम्य उपाय आधी करून पाहावेत. ड्रायव्हरच्या टॅबवर 'रोल बॅक' बटण असतं. आधीचा ड्रायव्हर जपलेला असेल तर ते दाबता येतं, नसेल तर फिकट दिसतं. यंत्र अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढण्याची चौकट येते, ती टिकमार्क केली नाही तर विंडोज तोच रुसलेला ड्रायव्हर पुन्हा लावते. नवं सॉफ्टवेअर टाकताना कॅमेरा काढून ठेवा, असं अनेक कंपन्या पुस्तिकेत लिहितात, कारण आधी जोडला तर विंडोज स्वतःच्या मनानं काहीतरी बसवून मोकळी होते. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप्सना कॅमेऱ्याची परवानगी आहे ना, हे बघायला अर्धं मिनिट लागतं. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची सुरक्षा काही जुन्या ड्रायव्हरना आत घेत नाही. ती बंद करून कॅमेरा चालवणं म्हणजे मांजर आत यावं म्हणून वाड्याचा महादरवाजा उघडा ठेवणं.

ताईच्या प्रयोगशाळेत यातलं काहीच नव्हतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा दिसत होता, त्रिकोण नव्हता, 'यंत्र व्यवस्थित चालू आहे' असं लिहिलं होतं. उतारा स्वच्छ, तरी बँक नाही म्हणते. मी अर्धा तास चाचपडलो आणि मग सहज नव्या सॉफ्टवेअरचं फोल्डर बघितलं. जुनं सॉफ्टवेअर 'एक्स८६' वाल्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये होतं, नवं साध्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये. म्हणजे जुनं ३२ बिटचं, नवं ६४ बिटचं.

गाठ तिथं होती. कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरचे दोन भाग असतात. विंडोजच्या गाभ्यात बसणारा भाग ६४ बिटच्या विंडोजवर ६४ बिटचाच लागतो, आणि तो होता. सॉफ्टवेअर ज्याच्या तोंडून कॅमेऱ्याशी बोलतं ती लायब्ररी मात्र ३२ बिटची होती, आणि ६४ बिटचा प्रोग्रॅम ३२ बिटची लायब्ररी आपल्यात घेऊच शकत नाही. कॅमेरा बारा-तेरा वर्षांचा. कंपनीनं त्या मॉडेलसाठी नवी लायब्ररी काढलीच नव्हती.

"म्हणजे कॅमेरा चांगला आहे?" ताईनं विचारलं.

"चांगला आहे. नव्या सॉफ्टवेअरला तो कधीच दिसणार नाही, एवढंच."

मामांनी कपाटातून कॅमेऱ्याची मूळ सीडी काढली. संगणकाला सीडी ड्राइव्ह नव्हता, मग ऑफिसातल्या म्हाताऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर उतरवली. जुनी आवृत्ती नव्याच्या शेजारीच वेगळ्या फोल्डरमध्ये बसली. अकरा वाजून वीस मिनिटांनी कोंबडीच्या ३३ तासांच्या भ्रूणाचं उजवीकडे झुकलेलं हृदय पडद्यावर आलं आणि मुली आपापली जर्नलं घेऊन आत शिरल्या.

निघताना पाहिलं, मामांनी मॉनिटरच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवून मार्करनं लिहिलं होतं: 'फोटो काढायला जुनं. मोजमापाला नवं. अपडेट विचारलं तर नको दाबा.'