शस्त्रधारणा, जत्रांतील
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत काउंटीच्या जत्रांत व सार्वजनिक समारंभांत पिस्तूल वा बंदूक बाळगण्याचा प्रश्न संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीशी (१७९१) निगडित आहे. कॅलिफोर्नियातील ॲलमीडा काउंटीच्या जत्रेत १९९८ मध्ये गोळीबार झाल्यावर काउंटीने १९९९ मध्ये आपल्या जागांत शस्त्रबंदी केली. शस्त्रप्रदर्शने भरविणाऱ्यांनी तीस आव्हान दिले. मेजाशी जखडलेली शस्त्रे प्रदर्शनात मांडता येतील, हा काउंटीचा खुलासा ग्राह्य धरून संघीय अपील न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांचा दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आत्मसंरक्षणार्थ घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला. ‘संवेदनशील स्थळी’ बंदीस मुभा ठेवली. मात्र केवळ गर्दीमुळे एखादे स्थळ संवेदनशील ठरत नाही, असेही बजावल्याने जत्रेच्या मैदानांविषयीचा वाद मिटला नाही.