‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणण्यापूर्वी

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत गाळ्यागाळ्यांतून छोटे कारखाने चालतात. तेथे कामगाराला काढणे एका वाक्यात उरकते : ‘उद्यापासून येऊ नकोस.’ आम्हा व्यापाऱ्यांना वाटते, गाळा आपला, पगार आपण देतो, मग विचारणार कोण? परंतु कायदा विचारतो, आणि त्याचा हिशेब महाग पडतो.

पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यात २६ ऑगस्ट १९८३ रोजी एक कामगार कामाच्या वेळी झोपलेला आढळला. पूर्वी तीनदा त्याच्यावर गैरवर्तनाचा ठपका आला होता. मालकांनी आरोप लेखी दिला, चौकशी केली, मगच बडतर्फ केले. शिक्षा जबर आहे म्हणून कामगार न्यायालयाने त्याला परत घेण्याचा हुकूम दिला. पण चौकशी रीतसर होती. अखेर २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली.

आता दुसरी बाजू पाहा. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) एका खाजगी शाळेने शिक्षिकेला आधी निलंबित केले व २००७ मध्ये काढून टाकले. चौकशी नियमाप्रमाणे नव्हती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा पूर्ण थकलेला पगार देण्यास फर्मावले. ज्याने बेकायदा काढले, त्याने त्यातून फायदा उचलू नये, हा त्यामागचा इन्साफ.

आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याने चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून, किंवा घाईघाईने, कामगाराला काढणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच आहे.

मालक बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे : आरोप कागदावर द्या, उत्तराला मुदत द्या, साक्षी त्याच्यासमोर घ्या, तक्रार करणाऱ्यालाच न्यायाधीश करू नका, त्याची जुनी नोकरी पाहून शिक्षा ठरवा. किरकोळ चुकीला बडतर्फी नको. कारीगर बंधूंनीही पगाराची पावती व हजेरीचा पुरावा जपावा, कोऱ्या कागदावर सही करू नये.

गिऱ्हाईकाशी सौदा मोडतानाही आम्ही त्याचे म्हणणे ऐकून घेतो. ज्याच्या हातांवर धंदा उभा आहे, त्याचे दोन शब्द ऐकायला फार तर आठ-पंधरा दिवस जातील. न ऐकल्यास वर्षे जातात, आणि त्याच्या घरची चूल तर पहिल्याच महिन्यात विझते.